कोटी लेकरं, वंश थोड्यांचा

पोरांनो, सतरंजी जरा सरकवा आणि खालच्या फरशीवर तळहात ठेवा. गार लागली? ही शहाबादी. भीमा-कागिण्याच्या काठाला खाणीत उतरलं की हा दगड थरावर थर असाच निघतो, पहार घालून नुसता उचकटायचा. इतका सपाट दगड कुणी तासून ठेवलेला नाही. समुद्राच्या तळाशी साचलेला तो चुन्याचा गाळ आहे. आज आपल्या निर्णा गावाहून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत चारशे किलोमीटर भरतो, पण एके काळी समुद्र स्वतःच गुलबर्ग्याला येऊन बसला होता. कलबुर्गी म्हणा हवं तर, माझ्या तोंडी आपलं गुलबर्गाच बसलंय.

आता लगेच वाकून त्यात शिंपले शोधू नकोस, सापडायचे नाहीत. तो समुद्र इतका जुना, की शिंपला बांधणारा प्राणीच तेव्हा जन्मला नव्हता. कवचाचे जीव पृथ्वीवर आले त्याला चौपन्न कोटी वर्षं झाली असतील. ही फरशी त्याच्याही आधीची. पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड झाला, आणि काळा दगड झिजून झिजून वर बिदरचा तांबडा जांभा तयार झाला. समुद्र केव्हाच निघून गेला होता.

मग बिदरच्या किल्ल्यात शिंपला आला कुठून? तुम्ही रंगीन महाल पाहिलाय. आतल्या दालनात काळ्या तुकतुकीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेत, कुठं नखाएवढे, कुठं तांदळाच्या दाण्याएवढे. वेल आहे, पानं आहेत, फारसी अक्षरं आहेत. दगड तेवढाच खोल कोरायचा, तुकडा त्यात असा बसवायचा की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. मान जरा हलवली की एकच तुकडा आधी हिरवट दिसतो, मग गुलाबी. अली बरीदशहाच्या वेळचं, म्हणजे सोळाव्या शतकातलं हे काम. बिदरला समुद्र नसला तरी समुद्राचा रस्ता होता. दाभोळ आणि चौल ही बहमनी राज्याची बंदरं. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या सुमाराला चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला, तो याच रस्त्यानं. घोडे यायचे, खजूर यायचा, मोती यायचे.

काय म्हणालीस? मोती वाळूच्या कणाचा होतो? तसं सगळेच सांगतात. आणि माझी आजी सांगायची, स्वाती नक्षत्राचा थेंब उघड्या शिंपेत पडला की त्याचा मोती होतो. दोन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत आणि दोन्ही खऱ्या नाहीत. वाळू तर शिंपेच्या तोंडात रोजच जाते, ती थुंकून टाकते. एखादा किडा पोखरत आत शिरला किंवा इजा झाली, आणि शिंपला घडवणाऱ्या पातळ पडद्याचा तुकडा आत सरकला, की त्या तुकड्याची पिशवी बनते आणि पिशवी आतल्या आत चमकदार थर चढवत बसते. तो मोती. हे मर्म कळल्यावर माणसानं स्वतःच तो तुकडा कापून आत ठेवायला सुरुवात केली. आपल्या देशात तुतिकोरीनला के. अलगरस्वामी यांनी १९७३ साली असा मोती पिकवून दाखवला.

पण मला आज मोत्याची गोष्ट सांगायची नाही. मोत्याच्या शिंपेचं जे लांबचं भावंड कोकणात खडपाखडपावर बसलेलं असतं, त्या कालवाची सांगायची आहे. मोत्याची शिंप दोऱ्यासारखे तंतू काढून दगडाला धरून राहते. कालव आपली डावी शिंपली दगडाला कायमची चिकटवून टाकतं. उजवी शिंपली वरचं झाकण. ओहोटी लागली की बायका खडपावर उकिडव्या बसतात, लोखंडाच्या टोकदार हत्यारानं एका ठोक्यात झाकण उडवतात आणि आतला करडा-पांढरा गोळा खारट पाण्यासकट भांड्यात ओढतात. खालची शिंपली दगडावरच राहते, रिकामी. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कालवाला पाय नाहीत, डोकं नाही, जागचं हलणं नाही. मग लग्न कसं जमायचं? हसू नका, प्रश्न बरोबर आहे. कालव नवऱ्या-नवरीची भानगडच ठेवत नाही. पाण्याची ऊब, खारटपणा आपल्या मनासारखा झाला की एखादं कालव आपलं बीज पाण्यात सोडतं. त्याचा वास शेजाऱ्याला लागतो, तेही सोडतं. बघता बघता सगळ्या खडपावरचं पाणी दुधट होतं. एकेक मादी एका खेपेला लाखो, कधी कोट्यवधी अंडी सोडते. आणि मादी म्हणजे कायमची मादी असंही नाही. पुष्कळ कालवं तरुणपणी नर असतात, वय वाढलं, अंग भरलं की मादी होतात. त्यामुळे खडपावरची मोठी, जुनी, जाडजूड कालवं बहुधा आया असतात. हेही लक्षात ठेवा.

अंडं असतं मिलीमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढं. पाण्यात अंडं आणि शुक्रबीज भेटलं की दिवसाभरात पिल्लाला इवलीशी दोन झाकणांची शिंपली फुटते. मग दोन-तीन आठवडे ते प्रवाहाबरोबर वाहत राहतं, दिसणार नाही असं शेवाळ खातं, आणि मासे, शिंपले, जेलीफिश अशा सगळ्यांच्या पोटात जातं. त्यात स्वतःचे आईबापही आले, कारण कालव पाणी गाळून जेवतं आणि गाळताना पोटचं पोर ओळखत नाही. जे उरतं त्याला शेवटी शेवटी एक काळा डोळ्याचा ठिपका येतो आणि एक पाय येतो. या पायावर ते तळ चाचपत चालतं. जागा पसंत पडली की एक थेंब चिकट रस सोडून डावी कूस टेकवतं. डोळा जातो, पाय जातो. सगळ्या जन्मात कालव चालतं ते एवढंच.

आता हिशेब करा. खडपावर लाखभर कालवं, त्यातल्या निम्म्या माद्या, प्रत्येकीची लाखो अंडी. मग पुढच्या पिढीला आईबाप किती? कुणालाही वाटेल, लाखभर. शास्त्रज्ञांनाही वाटायचं. समुद्र एवढा मोठा, पाणी सगळीकडे तेच, पिल्लं वाहत जाणार, सगळ्यांचं सगळ्यांत मिसळणार, त्यामुळे किनाराभर एकच एक जात आणि सगळा वंश सारखा वाटला गेलेला, असं धरून चालायचे.

कॅलिफोर्नियातले डेनिस हेजकॉक यांनी १९९४ साली वेगळंच मांडलं. ते कसं, ते आपल्या तुरीवरून सांगतो. समजा, निर्ण्यात शंभर घरं तूर पेरतात. कुणाकडे तांबडी, कुणाकडे पांढरी, कुणाकडे काळी, कुणाकडे ठिपक्याची, जो तो आपापलं घरचं बी जपून आहे. पुढच्या सालीही शिवारभर तूर तेवढीच दाट उभी आहे, पण मळणीला बघावं तर सगळी तांबडी आणि ठिपक्याची. पांढरी गायब, काळी औषधाला नाही. मग तुम्ही काय म्हणाल? शिवार भरलेलं असलं तरी बी दोन-तीन घरांचंच आहे. बाकी घरांचं पेरलेलं वाया गेलं. आणि त्याच्या पुढच्या साली सगळी काळी निघाली तर? तर दैव यंदा दुसऱ्या दोन-तीन घरांवर फिरलं.

कालवांच्या बाबतीत रंगाच्या जागी डीएनएमधले फरक मोजायचे. मांसाचा एवढासा तुकडा घ्यायचा, त्यातली जनुकांची रूपं वाचायची, आणि म्हाताऱ्या कालवांशी नव्यानं बसलेल्या पोरांची रूपं ताडून बघायची. लाखभर आईबाप असते तर रूपांचं प्रमाण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जवळजवळ तसंच उतरलं असतं. ते तसं उतरत नाही, चांगलंच उड्या मारतं. यावरून हेजकॉक यांनी निदान केलं, की लाखो माद्यांपैकी फार थोड्यांची पोरं जगतात. ज्या दिवशी पाण्यात पिल्लांचं खाणं मुबलक होतं आणि भरती त्यांना बाहेर दर्यात न ढकलता खाडीत परत आणणारी होती, त्याच दिवशी ज्यांनी बीज सोडलं, त्यांची लॉटरी लागली. दोन दिवस आधी सोडलेल्यांचं आणि आठवड्यानं सोडलेल्यांचं निर्वंश. कर्तबगारी कुणाची कमी नव्हती. घटका चुकली, एवढंच.

ही लॉटरी किती कडक असते बघा. युरोपातल्या चपट्या कालवाचा एक अभ्यास हेजकॉक आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००७ साली छापला. भूमध्य समुद्राच्या काठाला निसर्गतः येऊन बसलेली पिल्लं गोळा केली, डीएनए वाचला आणि मागं मागं जाऊन आईबाप मोजले. ते निघाले दहा ते वीसच्या घरात. डोळ्याला दिसतं ते समुद्रभर पीक, आणि वंशावळ बघायला गेलं तर एका वाड्यात मावेल एवढी माणसं!

आईबाप थोडे झाले तर बिघडलं काय, असं तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. सांगतो. आपल्याकडे मामाच्या पोरीशी लग्न लावायची चाल आहे, काही घरांत सख्ख्या मामाशीही. जवळच्या नात्यात लग्न झालं की काय होतं? प्रत्येकाच्या जनुकांत एखाद-दुसरा खोट असलेला तुकडा झाकून असतो. दुसऱ्या बाजूनं चांगली प्रत आली तर खोट झाकलेलीच राहते. पण आईबापांचे आजी-आजोबा एकच असले, तर तीच खोट दोन्हीकडून येऊन लेकराच्या वाट्याला उघडी पडू शकते. समूहांच्या जनुकशास्त्राचा पाया घालणाऱ्या तिघांपैकी एक जे. बी. एस. हाल्डेन. इंग्लंड सोडून १९५७ साली ते आपल्या देशात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या प्रेरणेनं त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शेजारच्या आंध्रात नात्यातल्या लग्नांची मोजदाद केली होती. सायबानं धोतर-कुर्ता घालून असली गावंढळ वाटणारी गोष्ट शास्त्राच्या तराजूत घातली, याचं मला फार अप्रूप आहे.

कालवात ही झाकलेली खोट माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. २००१ साली पॅसिफिक कालवाच्या भावंडांची पैदास करून पाहिली, तेव्हा एकेका कालवाच्या अंगात जीवघेण्या खोटीचे आठ ते चौदा, कदाचित त्याहूनही जास्त तुकडे दडलेले निघाले. कोट्यवधी अंडी बनवायची म्हणजे कोट्यवधी वेळा डीएनएची नक्कल करायची. नक्कल करताना चुका होणारच. म्हणून कालवाची पुष्कळ पोरं तर शत्रू न भेटताही, घरच्याच खोटीनं मरतात. पण त्याच चुकांमुळे त्याच्या जनुकांत विविधताही भरपूर आहे. २०१२ साली चिनी शास्त्रज्ञांनी पॅसिफिक कालवाचा सगळा जनुकसंच वाचला, तर दोन प्रतींमध्ये इतका फरक, की जुळवताना नेहमीच्या रीती अपुऱ्या पडल्या. ओहोटीला उन्हात तापायचं, पावसात गोड्या पाण्यात बुडायचं, भरतीला पुन्हा खारं पाणी प्यायचं, हे सगळं एकाच खडपावर बसून सोसायचं म्हणजे गाठीला काहीतरी लागणारच.

ही लॉटरी न कळल्यानं माणसाचं दिवाळं कसं निघतं, ते श्रीलंकेत झालं. मन्नारच्या आखातात मोत्याच्या शिंपांचे घाट आहेत, आपल्या बाजूला तुतिकोरीन आणि पलीकडे लंका. १९०५ साली लंकेच्या बाजूला एका हंगामात आठ कोटींवर शिंपा निघाल्या. एवढं पीक कुणी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी एका कंपनीनं वीस वर्षांच्या करारानं ते घाट घेतले. आठ कोटी शिंपा म्हणजे अखंड खाण, असा हिशेब. एक-दोन हंगाम झाले आणि घाट ओस पडले. कंपनी बुडाली. खरं तर तिथले पाणबुडे पिढ्यान्पिढ्या सांगत होते, की हे पीक लहरी आहे, दहा-दहा, वीस-वीस वर्षं काही येत नाही आणि मग एकदम येतं. आठ कोटी शिंपा दिसल्या त्या एखाद-दोन चांगल्या घटकांची पोरं होती. तुतिकोरीनच्या बाजूलाही १९६१ नंतर मोत्याची मासेमारी झालेली नाही.

आता जरा मौजेची गोष्ट. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर एक कालव मिळतं, त्याचं नावच पोर्तुगीज कालव. ‘आमचं’ म्हणून पोर्तुगीज ते मिरवायचे. १८६८ साली ‘मोर्लेझियां’ नावाचं जहाज ही कालवं भरून फ्रान्सला निघालं होतं. वादळ झालं, जहाज जिरोंद नदीच्या मुखात थांबून राहिलं, माल नासतोय असं वाटून कप्तानानं सगळी कालवं पाण्यात फेकून दिली. त्यात काही जिवंत होती. थोड्या वर्षांत फ्रान्सचा तो किनारा पोर्तुगीज कालवांनी भरला आणि शंभर वर्षं फ्रेंच लोक तीच खात आले. म्हणजे फेकून दिलेल्या एका बोटीतून एवढा वंश. पण गंमत पुढेच आहे. १९९८ साली त्यांचा डीएनए वाचला, तर हे कालव युरोपातलं नव्हेच. त्याचे सख्खे भाऊबंद निघाले तैवानला!

कसं गेलं असेल? विचार करा. पोर्तुगीज १४९८ ला कालिकतला आले, १५१० ला गोवा घेतलं, १५५७ ला मकावला बस्तान बसवलं. तिकडून परत जाणारी गलबतं गोव्याला थांबायची, डागडुजी व्हायची आणि मग आफ्रिकेला वळसा घालून लिस्बन. लाकडी बुडाला कालवं चिकटायला काय परवाना लागतो? पोर्तुगीजांनी मिरी नेली, दालचिनी नेली, ती वहीत मांडून नेली. आणि बुडाखाली तैवानचं कालव नेलं, ते वहीत मांडलं नाही. चारशे वर्षांनी डीएनएनं ती नोंद काढून दिली. पुढे १९७० च्या आगेमागे फ्रान्समध्ये या कालवांवर विषाणूचा रोग आला आणि ती जवळजवळ साफ झाली. मग जपान आणि कॅनडातून पॅसिफिक कालवं आणून तिथं सोडली. आज पॅरिसच्या हॉटेलात लिंबू पिळून लोक जे फ्रेंच म्हणून खातात, ते मूळचं जपानी.

हे सगळं वाचता येतं ते डीएनएच्या एका छोट्या चकतीवरून. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांची ही चकती लेकराला फक्त आईकडून मिळते. त्यामुळे आई, आजी, पणजी अशी सरळ वाट धरून मागं जाता येतं. इथंही समुद्रानं एक अपवाद करून ठेवलाय. काही शिंपल्यांत, विशेषतः युरोप-अमेरिकेच्या खडकांवरच्या शिनाण्यांत, बापाचीही चकती उतरते, पण फक्त मुलग्यांना. आईची सगळ्यांना, बापाची मुलग्यांना. वाटणीचा असा कायदा दुसऱ्या प्राण्यांत मला तरी ठाऊक नाही.

आईच्या वाटेनं मागं गेल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली: पाण्यात भिंती असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला, कॅनडापासून टेक्सासपर्यंत, एकच कालव आहे. दिसायला एक, चवीला एक. १९९० साली कॅरोल रीब आणि जॉन अव्हिस यांनी त्याचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला, तर फ्लोरिडाच्या पूर्वेच्या अंगाला कुणी रेघ ओढल्यासारखे दोन तट पडले. वरची वेगळी, खालच्या आखाताकडची वेगळी. तिथं कुंपण नाही, डोंगर नाही. पण जुन्या हिमयुगांतल्या ताटातुटीचा आणि प्रवाहांच्या वळणांचा तो वारसा आहे, आणि कालवांखेरीज इतर काही जीवांच्या वंशावळींतही तीच रेघ सापडते. उलट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर गोगलगाईच्या जातीतल्या एका टोपीवाल्या शिंपल्याचे नमुने घेतले, तर जवळजवळच्या खडकांवरच्या शिंपल्यांत फरक निघाले, आणि लांबलांबच्या किनाऱ्यांत म्हणावे तसे नाहीत. जॉन्सन आणि ब्लॅक यांनी १९८२ साली ते छापलं. एका खडकावर ज्या घटकेची पोरं येऊन बसली, त्या घटकेचे आईबाप वेगळे. शेजारच्या खडकावर दुसऱ्या घटकेची. म्हणजे किनारा हा एक समूह नव्हे, पुष्कळ लॉटऱ्यांच्या निकालांची ठिगळं.

आपल्या देशातही दोन बाजूंना दोन तऱ्हेचं पाणी आहे. अरबी समुद्र जास्त खारा, बंगालचा उपसागर कमी. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या तिकडे रित्या होतात ना! आणि आपण कुठल्या बाजूचे? समुद्र जवळचा पश्चिमेचा, पण बिदरचं पाणी जातं मांजरेतून गोदावरीला आणि गुलबर्ग्याचं भीमेतून कृष्णेला. तेव्हा निर्ण्याच्या ओढ्यानं खारटपणा कमी केला असेल तर तो मच्छलीपट्टणचा, रत्नागिरीचा नव्हे.

पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवंही वेगळी असणार, असं पुष्कळांना वाटत होतं. ऑलिव्ह रिडले कासव म्हणजे कालवाच्या बरोबर उलट जीव. पोहतं हजारो किलोमीटर, पण मादी अंडी घालायला फिरून आपल्या जन्मभूमीच्या परिसरात येते. २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी २७ जानेवारी २०२५ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पार लंकेला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटर! घरट्यातून शंभरावर पिल्लं समुद्रात गेली. एका मादीवरून सगळा सिद्धान्त उलटत नाही, पण वंश मिसळायला पिढीमागे थोडेच पाहुणे पुरतात, हेही गणितानं सिद्ध झालंय. भिंत आहे म्हणावं तर तिला दार आहे.

कोकणातल्या कालवांचं काय, म्हणतोस? तिथं आधी ओळखीचीच पंचाईत. खडपावर बसणारं छोटं, काठाला दातेरी कालव वेगळं आणि खाडीच्या चिखलाळ पाण्यातलं लांबट मोठं वेगळं, एवढं कोळणीला नजरेनं कळतं. पण कालव जिथं बसेल त्या दगडाचा आकार घेतं. एकाच आईची दोन पोरं, एक भेगेत वाढलं आणि एक मोकळ्यावर, तर दोन जाती वाटाव्यात. पालघरजवळ केळव्याच्या खाडीतल्या कालवांचा दुर्वे आणि बाळ यांनी साठ-एक वर्षांपूर्वी फार चिकाटीनं अभ्यास केला, पण तेव्हा हाताशी शिंपला आणि सूक्ष्मदर्शक एवढंच होतं. आता डीएनए वाचून जातींची नावं पुन्हा लावताहेत. आशियातल्या कालवांच्या एका गटाला तर २०१७ साली मॅगेलनच्या नावावरून ‘मॅगालाना’ हे नवं गोत्रच दिलं. त्यावर अजून भांडण चालू आहे. शास्त्रज्ञ नावावरून भाऊबंदांपेक्षा जास्त भांडतात.

मला काळजी वाटते ती दुसरीच. सिंधुदुर्गात बायकांचे बचतगट खाडीत कालवं आणि शिनाणे वाढवायला लागले, ते चांगलंच झालं. पण उद्या बी कमी पडलं आणि कारखान्यातून आणायची वेळ आली, तर टाकीत किती जोडप्यांचं बी धरलं, हे विचारायला हवं. पाच-सहा धष्टपुष्ट माद्या घेतल्या तरी कोट्यवधी पिल्लं मिळतात, मग पंचवीस माद्या सांभाळायचा खर्च कोण करणार? पण ती सगळी पिल्लं एकमेकांची भावंडं. मोठी झाली की शेजारच्या रानटी कालवांबरोबर त्यांचंही बीज पाण्यात जाणार, आणि एक रोग आला की सगळी एकाच वेळी कोसळणार. समुद्र आधीच थोड्यांचा वंश चालवतो. त्यात आपण आणखी हात आखडता घेऊ नये.

उन्हाळ्यात तुम्ही रत्नागिरीला जाणार आहात. कालवं खा, जरूर खा. फक्त ज्या खाडीत गटार सोडलंय तिथली नको, कारण कालव दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतं आणि त्यातली घाणही अंगात साठवतं. खडपावरचं सगळ्यात मोठं, जुनं कालव फोडू नका, ती बहुधा आई आहे. आणि जेवण झाल्यावर ज्या शिंपल्या उरतील त्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. घरमालकिणीला सांगा, ओहोटीला खडपाच्या खालच्या अंगाला नेऊन टाका. समुद्रातून वाहत आलेल्या पिल्लाला बसायला जुन्या कालवाच्या शिंपलीइतकी पसंतीची जागा दुसरी नसते.